खाडीपलीकडची हजेरी

"आज काय झालं?" जगदाळे बाईंनी दारातूनच विचारलं.

"बाई, पाणी होतं," मी म्हटलं.

"आणि काल?"

"काल पण पाणीच होतं."

"सोमवारी प्रार्थनेच्या आधी आला होतात. तेव्हा कुठं गेलं होतं पाणी?"

"तेव्हा सुकती होती, बाई," माझ्या पाठीमागून शमीम म्हणाली. तिच्या पाठीमागे तिचा धाकटा भाऊ बशीर, आणि त्याच्या पाठीमागे आमच्या जुव्यावरची बाकीची पोरं. सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले.

बाईंनी आमच्या पायांकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. "मंगळवारी थोडा उशीर, आज त्याहून जास्त. म्हणजे उद्या तुम्ही थेट जेवायच्या सुट्टीत उगवणार म्हणा की! अगं, खोटं बोलायचं तर जरा पटेल असं तरी बोलावं."

वर्गातली आडखोलची पोरं फिदीफिदी हसली. आम्ही खाली माना घालून उभे राहिलो. खरं तेच सांगत होतो आणि तेच खोटं ठरत होतं, याचा मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

पण बाईंचा तरी काय दोष? त्या माणदेशातल्या. त्या जूनमध्येच बदलून आमच्याकडे आल्या होत्या. "आमच्याकडं पाणी आलं तर वर्षातनं एकदा येतं, ते पण आलं तर," असं त्याच सांगायच्या. दिवसातून दोनदा येणारं, दोनदा जाणारं आणि रोज आपली वेळ बदलणारं पाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

याला आता चाळीसेक वर्षं होत आली. आमचं जुवं म्हणजे खाडीच्या मधलं एक इवलंसं बेट. पाचपंचवीस घरं, थोडी खारवी कोळ्यांची, थोडी मुसलमान दालद्यांची, सगळी मासे मारणारी. शाळा समोरच्या काठावर, आडखोल गावात. एकच खोली, एकच बाई आणि पहिली ते चौथी असे चार वर्ग, चार भिंतींना चार. सुकती असली की आम्ही उतारातून, म्हणजे खाडीच्या उघड्या पडलेल्या चिखलातून, चालत जायचो. भरती असली की होडी हवी, आणि होड्या तर बाप्यांबरोबर मासेमारीला गेलेल्या. म्हणून कधी आम्ही दुपारी शाळेत पोचायचो, तर कधी पाणी भरायच्या आत घर गाठायला अकरालाच दप्तर आवरून पळायचो.

त्यामुळे माझं शिक्षण उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखं झालं होतं. मला भागाकार यायचा, पण बाकी उरली की तिचं काय करायचं ते येत नसे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे मला माहीत होतं; ती सूर्याभोवतीही फिरते हे बशीरने मला सांगितलं, तेव्हा तो थापा मारतोय असं वाटून मी त्याला टपली मारली होती. शिवाजी महाराज आग्र्याला पोचलेले मी ऐकले होते, पण तिथून सुटले तो धडा भरतीत गेला. दिवाळीपर्यंत माझे महाराज आग्र्यातच अडकून होते आणि मला त्यांची फार काळजी लागून राहिली होती.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातल्या कशाचीच काळजी नव्हती. "चौथी झाली की बास," ते म्हणायचे. "पुढची शाळा वर डोंगरमाथ्यावर, सड्यावर. तिथं कोन जानार रोज? कालवं काढायला घरात हात लागतात." माझी थोरली बहीण दोन वर्षं खडकावरची कालवं काढत होती. तिच्या बोटांना सदानकदा चिंध्या बांधलेल्या असत.

मला मात्र पाचवीत जायचं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. अर्धी ऐकलेली गोष्ट पुढे कळावी असं वाटतं ना, तसं मला सगळ्याच विषयांचं वाटायचं.

दिवाळीनंतर तालुक्याहून हुकूम आला. ज्यांची हजेरी निम्म्याहून कमी त्यांना वार्षिक परीक्षेला बसवायचं नाही, नाव पटावरून कमी करायचं. हजेरी व्हायची प्रार्थनेला. जुव्यावरच्या एकाचीही निम्मी भरत नव्हती.

बाईंनी हुकूम वर्गात वाचला नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या मला म्हणाल्या, "अनसूया, चल. तुझ्या घरी यायचंय मला."

चपला हातात, साडी वर खोचलेली, आणि प्रत्येक पावलाला "अगं बाई गं!" असं करत बाई उतारातून आमच्याबरोबर आल्या. मध्येच एक खेकडा पायावरून गेला, तर त्यांनी शमीमचा दंड असा धरला की तिला चार दिवस वळ होते.

आबा अंगणात जाळं विणत बसले होते. बाईंनी हुकमाचं सांगितलं. त्या दिवशी बाईंची संकष्टी होती, म्हणून आईने त्यांच्यापुढे केळी आणि आमचा नेहमीचा बिनदुधाचा चहा ठेवला.

"म्हंजे पोरीचं नाव काटनार," आबा म्हणाले. आवाजात ना राग, ना दुःख. "काटा. चार म्हैनं आधी काय, मागनं काय."

"तुम्ही जरा लवकर पाठवत जा हो त्यांना. एवढंच करायचंय."

"बाई, माज्या हातात नाय त्ये. पान्याला तुमच्या सायबाचा हुकूम लागू होत नाय."

बाईंना ते उद्धट वाटलं असावं. त्या तटकन उठल्या, पायवाटेने उतारापर्यंत गेल्या आणि तिथेच खिळल्या. मघाशी जिथून चालत आलो होतो तिथे पाणी हेलकावत होतं. ज्या खुंटाला धरून त्या चिखलातून वर चढल्या होत्या, त्याचं नुसतं टोक दिसत होतं.

"अगं, हे... हे कुठनं आलं?"

"रोजच येतं, बाई," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे वळल्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला दारात उभं करत होते." मला एकदम रडायला आलं आणि बरंही वाटलं.

परत जायला पाणी उतरेपर्यंत थांबणं भाग होतं. बाई दुपारभर आमच्या काठावर बसून राहिल्या. पाणी भरून स्थिर झालं तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं. "तीन. आणि उद्या?"

"उद्या जरा मागनं," आबा म्हणाले. "रोज दोन घटका मागं जातंय. अवसेला, पुनवेला भर दुपारी, मग तिथनं मागं, मागं."

"दोन घटका म्हणजे पाऊण तासच की. आज चतुर्थी..." बाई पुटपुटल्या, आणि एकदम टाळी वाजवून ओरडल्या, "चार पाऊणे तीन!"

आबांनी आईकडे पाहिलं. उपासाने बाईंना भोवळ आली असावी, असं दोघांनाही वाटलं.

"अहो, पाऊणकी! आमचे आजोबा संध्याकाळी म्हणून घ्यायचे. एक पाऊणे पाऊण, बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ! आता शाळेत कुणी शिकवत नाही हो हे पाढे."

"आमी कुटं शाळेत ग्येलो?" आबा म्हणाले, पण त्यांनी स्वतःशीच बोटांवर अष्टमीची भरती मोजून पाहिली. ती सहाला आली, आणि ते पहिल्यांदाच बाईंकडे बघून हसले.

सोमवारी आम्ही शाळेत गेलो तर भिंतीवरचं वेळापत्रक गायब! सोमवार-मंगळवारऐवजी तिथे प्रतिपदा, द्वितीया अशा तिथी लिहिलेल्या. आम्ही जुव्यावरची पोरं वर्गात असू तेव्हा गणित, भूगोल, इतिहास. आम्ही नसू तेव्हा गाणी, चित्रं आणि कवायत. चंद्राच्या कलांचं चित्र आम्ही काढलं, पाऊणकी सगळी शाळा एका सुरात म्हणू लागली, आणि फळ्याच्या कोपऱ्यात 'आजचं पाणी' लिहायचं काम माझ्याकडे आलं. शमीमचे अब्बा चांद बघून तारीख सांगायचे, मी कॅलेंडर बघून, आणि दोघांचा हिशेब जमला की आम्हांला कोण आनंद!

आडखोलचे गावकर, म्हणजे गावचे मानकरी, शाळेत येऊन बाईंना म्हणाले, "बाई, शाळा काय शिमग्याची पालखी हाय, तिथीवर चालायला?"

"पालखी वर्षातनं एकदा निघते, गावकर," बाई म्हणाल्या. "मला ही रोज काढायचीय. जरा खांदा द्या."

गावकर हसत निघून गेले. पण हजेरीचं दुखणं तसंच राहिलं. ती प्रार्थनेलाच घ्यायची असा नियम होता, आणि आम्हांला आता सगळं येत असलं तरी कागदावर आम्ही नव्हतोच. बाईंनी दोनदा अर्ज केला. शेवटी उत्तर आलं की विस्तार अधिकारी शिरधनकर साहेब स्वतः शाळा तपासायला येतील आणि पटाचं काय ते तिथेच ठरवतील. वेळ सकाळी साडेदहा.

बाईंनी कॅलेंडर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "चतुर्दशी! चौदा पाऊणे साडेदहा. साहेबांनी नेमकी टम्म भरतीची वेळ धरलीय."

पहाटेची सुकती अंधारातली, तेव्हा लहान पोरांना उतारातून नेणं धोक्याचं. मग ठरलं असं की त्या दिवशी शमीमच्या अब्बांनी पहाटेच मासेमारीहून परतायचं आणि आम्हां सगळ्यांना होडीतून पलीकडे सोडायचं. अब्बांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

त्या सकाळी आम्ही तेल लावून, भांग पाडून, धुतलेले कपडे घालून काठावर उभे राहिलो. पाणी चढलं. होडीचा पत्ता नाही. ऊन वर आलं, तरी होडी नाही. तेवढ्यात काठावरची एक म्हातारी बातमी घेऊन आली की खाडीच्या तोंडाशी बांगडा लागलाय आणि सगळ्या होड्या तिकडेच गेल्यात. झालं! बांगडा लागला की आमच्याकडचा माणूस स्वतःच्या लग्नाची तिथीसुद्धा विसरतो, तिथे आमच्या शाळेची काय कथा. शमीम तर रडायलाच लागली.

जुव्यावर एकच होडी होती, आबांची. ती उपडी घातलेली होती आणि आबा तिच्या तळाला डांबर लावत होते. डांबर ओलं होतं.

"आबा, तुम्ही न्या ना!"

"ह्या होडीतनं? अर्ध्यावर बुडाल सगळी." त्यांनी हातातलं फडकं डब्यात बुचकळलं. "नशिबात नाय गो तुज्या, अनशे. सोड आता नाद."

एवढ्यात पलीकडच्या काठावर बाईंची हिरवी साडी दिसली. शेजारी छत्री घेतलेले एक गृहस्थ. खाडी तिथे जरा अरुंद आहे आणि पाण्यात शिरलेला एक मोठा धोंडा आहे. होडीला हाका मारायच्या त्या त्याच्यावरून. शब्द लांबवत, प्रत्येक अक्षराला वाऱ्यावर सोडत हाक मारली की ती पलीकडे नीट ऐकू येते. बाई पदर खोचून त्या धोंड्यावर चढल्या.

"अ-न-सू-या-आ! हो-डी-ई?"

"ना-आ-य!" मी ओरडले. "बां-ग-डा ला-ग-ला-आ!"

पलीकडे काहीतरी बोलणं चाललं. ते काय, हे बाईंनी आम्हांला नंतर सांगितलं. साहेबांना एकच्या एसटीने परत जायचं होतं. ते म्हणाले, "मुलं वर्गात नाहीत म्हणजे गैरहजर. माझा नाइलाज आहे, बाई." तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, वर्ग तिकडं आहे, आपण इकडं आहोत. इथनं तपासा. आवाज मी देते."

साहेब पेचात पडले असावेत. पण छत्री मिटली गेली.

"भा-गा-का-र! स-त्ते-चा-ळी-स भा-गि-ले पा-च?"

बाईंचा आवाज माळावरचा. मैलभर लांबच्या माणसाला हाका मारत वाढलेला. तो पाण्यावरून सरळ आमच्यापर्यंत आला. पोरं सगळी एकदम बोलायला लागली आणि नुसता गलका झाला. मग शमीमने डोळे पुसले आणि फर्मान काढलं, "सगळ्यांनी अनसूयाला सांगायचं. तिचा आवाज मोठा हाय. ती वरडेल."

"न-ऊ! बा-की दो-न!" मी ओरडले.

"अफजलखान कुठं आला?" "प्र-ता-प-ग-डा-च्या पा-य-थ्या-ला!" "महाराष्ट्राच्या पश्चिमेला काय?" हे विचारल्यावर पोरं हसायलाच लागली. ज्याचं मीठ अंगावर घेऊन आम्ही उभे होतो त्याचंच नाव विचारत होते. पहिलीतली, दुसरीतली पोरं माझा परकर ओढून ओढून कानात उत्तरं सांगत होती आणि मी ती खाडीवरून फेकत होते. बाया हातातली कामं टाकून काठावर आल्या. कुणीतरी म्हणालं, "आज बिनपैशाचं नाटक हाय!"

"पा-ण्या-ला च-व अ-स-ते का?"

पुस्तकातलं उत्तर 'नसते' असं होतं. मी तोंड उघडायच्या आत बशीर पुढे धावला आणि सगळा जीव गोळा करून ओरडला, "आ-म-च्या पा-न्या-ला हा-य! खा-रट!"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. तो बाईंचा नव्हता, जाडसर होता. 

"पा-णी क-धी उ-त-रे-ल?"

यावर आम्ही वाळूत बसून, डोकी एकत्र करून मोजलं. भरती साडेदहाला, म्हणजे पुरती सुकती साडेचारला, आणि उतार लागणार त्याच्या दोन-अडीच तास आधी. "दो-न-च्या सु-मा-रा-ला! आ-म्ही दो-न-ला शा-ळे-त ये-तो-ओ!"

हे ओरडले आणि माझ्या घशात काहीतरी चर्रकन फाटल्यासारखं झालं.

पलीकडे साहेब आणि बाई पुन्हा बोलत होते. साहेबांनी खिशातून पेन काढलं, ते उन्हात चमकलं. बाईंनी पिशवीतून हजेरीपट काढला. साहेब म्हणाले होते, "दोनला मी इथं नसेन. पण हजेरी आत्ता होऊन जाऊ द्या. नाव पुकारा. उत्तर आलं तर मांडा. यापुढं यांची हजेरी पाणी उतरल्यावर घ्यायची, तसा शेरा मी मारतो. पण आज ज्याचं उत्तर येणार नाही त्याचं मला काही करता येणार नाही."

आम्हांला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. पण हजेरीपट उघडलेला दिसला आणि ज्याचं त्याला कळलं. पोरं आपोआप रांगेत उभी राहिली.

"ब-शी-र!"

"हजर!"

एकेक नाव पाण्यावरून येत होतं, आणि एकेक पोर टाचा उंचावून, लाल होऊन उत्तर देत होतं. ज्या इवल्याशा पोराचा आवाज पोचणार नाही असं वाटे, त्याचाही पोचत होता. मुलगे झाले, मुली सुरू झाल्या. शमीमने 'हजर' असं म्हटलं मात्र, झाडावरचे बगळे उडाले.

चौथीच्या मुलींत माझं नाव शेवटचं.

"अ-न-सू-या द-त्ता-रा-म डो-र्ले-क-र!"

मी तोंड उघडलं. आवाजच नाही. नुसती हवा. पुन्हा जोर केला, तर घशातून किरकिर करून काहीतरी आलं, ते शेजारच्या शमीमलाही ऐकू गेलं नसेल. सगळ्यांची उत्तरं देऊन माझा गळा बसला होता. मी दोन्ही हात हलवले. पण काठावर तर सगळ्याच बाया हात हलवत होत्या.

"अ-न-सू-या!" बाईंनी पुन्हा हाक मारली. 

शमीम म्हणाली, "मी वरडू?" पण तिचा आवाज त्यांनी आत्ताच ऐकला होता. माझ्या नावावर ती ओरडली आणि साहेबांनी ओळखलं तर दोघींचंही नाव जायचं. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. मला दिसेनासं झालं, इतकं डोळ्यांत पाणी आलं. सगळं येत होतं मला. बाकीसकट येत होतं. आणि मीच एकटी राहणार होते.

तेवढ्यात मागे डबा धाडकन पडला. आबा डांबराचं फडकं टाकून माझ्या शेजारून गेले ते सरळ कमरेएवढ्या पाण्यात शिरले. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि होडीला हाक मारावी तसे ओरडले:

"ह-ज-र! मा-जी पो-र ह-ज-र हा-य! ति-चा ग-ळा ब-स-ला-य! लि-वा, बा-ई!"

पलीकडे कुणी हललं नाही. मग साहेबांचा हात वर झाला, आणि बाई हजेरीपटावर वाकल्या. काठावर टाळ्या पडल्या. आबा मात्र पाण्यातून बाहेर आले नाहीत. त्यांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी पुन्हा श्वास भरून घेतला.

"आ-नि पु-ढ-ल्या व-र्सी पा-च-वी-त-बी ह-ज-र हा-य! त्ये-बी लि-वा!"

मी पाण्यात धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली. बोलता तर येतच नव्हतं. आबा खाली वाकले, तर त्यांच्या तोंडाभोवती, ओंजळ धरली होती तिथे, डांबराचा काळाकुट्ट गोल उमटला होता. आईने रॉकेल लावून पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं. तो आठवडाभर काही निघाला नाही, आणि कुणी विचारलं की आबा सांगायचे, "पोरीची हजेरी लावायला ग्येलो व्हतो."